नावाशिवाय चौकोन चालत नाही

आमच्या घरी सकाळ आधी कानांत व्हायची. स्वयंपाकघरातून नारळ खवायचा खर्र खर्र आवाज, गल्लीत दूधवाल्याची मोपेड, बाबांचं न्हाणीघरातलं घसा साफ करणं, आणि मग कुकर. हे सगळे आवाज मला काढता यायचे. कुकरची शिट्टी तर अशी काढायचे की एकदा आईनं माझ्या दोन शिट्ट्या धरून गॅस बंद केला आणि आम्ही सगळे कच्च्या डाळीचं सार भुरकत बसलो. आईनं मला पळी फेकून मारली नाही, कारण पळी सारात होती. गल्लीतली म्हातारी भाजीवाली पाट्टी, सत्तावन्न नंबरच्या बसचा कंडक्टर, शाळेतल्या गणिताच्या बाई, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहायचे. माझा स्वतःचा आवाज कुठला, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता तिशी ओलांडली तरी नीट सांगता येत नाही. आत्मकथन लिहायचं हे वय नव्हे, असं आई म्हणते. मी तिला म्हटलं, तंजावूरची सगळी कथा मी एकटी थोडीच सांगतेय, एकाच वर्षाची सांगते.

ते वर्ष मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असतानाचं. त्याच्या आदल्या वर्षी एक भानगड झाली होती, ती आधी सांगायला हवी. बाबांचे थोरले भाऊ, आमचे थोरले काका, पापनाशमला राहायचे. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजलं की नाही समजलं’ असं विचारायचे, आणि उत्तर द्यायला वेळ द्यायचे नाहीत. एका लग्नात जेवणं झाल्यावर पोरासोरांच्या घोळक्यात मी काकांची नक्कल केली. काका वरमाईला केळीचं पान कसं मांडावं ते शिकवतायत, अशी. सगळे लोळले. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. काकांनी बाबांना फोन करून, तू पोरगी वाढवलीस की कोमाळी, असं विचारलं. कोमाळी म्हणजे विदूषक. बाबा मवाळ माणूस, पण त्या दिवशी म्हणाले की कोमाळी असली तरी माझी आहे. तेवढ्यावरून बोलणं थांबलं. आठवडा गेला, महिना गेला, दिवाळी गेली. दोघंही भाऊ आतून कुढायचे, आणि ते माझ्यामुळे आहे हे मला ठाऊक होतं. मी घरात काकांचा आवाज काढणं सोडून दिलं. त्यानं काही सुधारलं नाही, फक्त घर जरा गप्प झालं.

त्याच दिवसांत मला कादंबरी लिहायचं वेड लागलं. वर्गातल्या एका मुलीनं मला एक सॉफ्टवेअर दिलं, कादंबरीकारांसाठीच बनवलेलं. आधी मला वाटलं की उघडलं की तेच लिहील. तसं नव्हतं. त्यात डाव्या बाजूला फोल्डर होते: पात्रं, स्थळं, काळ, टिपणं, सुचलेल्या कल्पना. प्रत्येक पात्राचं एक कार्ड, आणि त्यावर इतके रकाने की आमच्या कॉलेजच्या ॲडमिशन फॉर्मला लाज वाटावी. डोळ्यांचा रंग. सगळ्यात मोठी भीती. कुणापासून काय लपवतो. अंगात कुठली जादू आहे. तुमच्या जगातली ऋतुचक्रं किती, पर्वतरांगा किती, बर्फ कुठे पडतो. मी तंजावूरची, मला पर्वत म्हणजे बसमधून लांब दिसलेली निळी रेघ. बर्फ म्हणजे रोझ मिल्कमधला. पण मी सगळं भरत सुटले. कादंबरीचं एक पानही लिहिलं नाही, टिपणं मात्र तीनशे झाली. टिपणांची भाषा म्हणजे आमच्या घरचं मराठी, तमिळ अक्षरांत, मधे मधे इंग्रजी. ही आत्ता लिहितेय ती अक्षरं मी पुढे चोविसाव्या वर्षी क्लास लावून शिकले.

माझं जग म्हणजे सात कालव्यांचं राज्य. त्यात कुणी खोटं बोललं की त्याच्या दारातला कालवा उलटा वाहू लागतो. ही कल्पना घरात फक्त एका माणसाला आवडली, बाबांना. ते पाटबंधारे खात्यात होते, त्यांचं सगळं आयुष्य कुठल्या कालव्याला कधी पाणी सोडायचं यात गेलं. संध्याकाळी ऑफिसातून आले की कॉफीचा टंबलर घेऊन माझ्या शेजारी बसायचे आणि नकाशात बोट घालून सांगायचे की इथे फाटा काढलास तर शेवटच्या गावाला पाणी पोचणार नाही, ते लोक भांडायला येतील. मी म्हणायचे, बाबा, हे राज्य खोटं आहे. ते म्हणायचे, असू दे, पण उतार तर खरा पाहिजे. आई दह्यातली डांगर पच्चडी कालवता कालवता आतून म्हणायची की दोघांनी मिळून कावेरी तिथेच वळवा, इथे नळाला पाणी नाही.

आता खरी अडचण सांगते. मला माणसं रचता यायची नाहीत. मी नकलाकार, समोर माणूस असल्याशिवाय मला बोलताच येत नाही. म्हणून मी काय केलं, घरची सगळी माणसं पात्रांच्या फोल्डरात टाकली. आई, बाबा, काका, काकू, मेलेले, जिवंत, सगळे, आणि त्यांच्या बोलण्याच्या लकबी. त्यांच्यातच माझी राज्यातली माणसं मिसळली. कालव्याच्या राजाला काकांचा घसा दिला, राणीला भाजीवाल्या पाट्टीचा. सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष काढायची सोय होती, चौकोनाला चौकोन जोडत जायचं. मी एका रविवारी आमच्या घराचा काढायला घेतला. बाबा, त्यांची आई, आजी, इथपर्यंत नावं मिळाली. बाबांच्या पणजीपाशी अडलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला कसं ठाऊक असेल. आमच्या घरात सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्या बायकांचं नाव घ्यायचं नाही. सासूनं तिच्या सासूचं घेतलं नाही, तिनं तिच्या सासूचं घेतलं नाही, त्यामुळे नाव असं कुणाच्या तोंडातच राहिलं नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, अण्णाला ठाऊक आहे, तो श्राद्धात घेतो. अण्णा म्हणजे थोरले काका. आणि विषय तिथेच मिटला. चौकोन रिकामा ठेवून मी पुढे जायला गेले तर सॉफ्टवेअर लाल चांदणी दाखवायला लागलं. नाव टाकल्याशिवाय चौकोन साठवता येणार नाही. तीनदा दाबलं, तीनदा तेच. जेवायला हाका चालल्या होत्या. मी माझ्या राज्यातली एक बाई उचलून तिथे ठेवली, कोकिळाबाई. नंतर बदलू म्हटलं. अशा ‘नंतर’नं आमचं अर्धं घर भरलेलं आहे.

आजीचं श्राद्ध दरवर्षी पापनाशमला काकांकडे व्हायचं. थोरला मुलगा करणार, बाबा मागे दर्भ घेऊन बसणार, आम्ही बायका मागल्या दारी वडे तळणार. त्या वर्षी कसं जायचं. बाबांनी दोन आठवडे विचार केला आणि एक दिवस म्हणाले की मी माझं इथे करतो. काकांचे जुने वाध्यार काकांकडेच जाणार, म्हणून पुरोहित नवे मिळाले, बारीक मिशीचे, तरुण, अजून दोन घरं उरकायची होती त्यांना. बाबांना मात्र हे एकच श्राद्ध होतं, आणि स्वतःच्या हातानं करायचं आयुष्यातलं पहिलं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारात जाऊन कच्ची केळी, कारली, पडवळ आणलं, तीळ दोनदा निवडले. आपल्याकडून आईला काही कमी पडू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी सकाळी ओलेत्यानं एळ्ळुरुंडै, म्हणजे तिळाचे लाडू, वळत होते. उडदाच्या वड्यांचा वास घरभर होता, आणि मधल्या खोलीतून वाध्यारांचा भरभर आवाज येत होता. तो आवाज मी मनातल्या मनात उचलत होते, खोटं कशाला सांगू.

मग तो आवाज थांबला. आईचं नाव सांगा, वाध्यार म्हणाले, बाबांनी सांगितलं. आजीचं, तेही सांगितलं. पणजीचं, ते म्हणाले, आणि बाबा अडले. मी दारातून डोकावले तर त्यांच्या ओल्या पाठीवर काटा आलेला दिसला. इतकी वर्षं मागे बसून त्यांनी ते नाव ऐकलं होतं, पण काका ते पुटपुटायचे आणि बाबांचं लक्ष दर्भाच्या अंगठीकडे असायचं. वाध्यारांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. बाबांची नजर भिंतीवरच्या फोनकडे गेली आणि परत फिरली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुझ्या त्या कंप्युटरात आहेत ना सगळे, झाडात.

मला वाटलं, आपण कधी नव्हे ते कामाला आलो. पळत गेले, लॅपटॉप उघडला, वृक्ष उघडला, बाबांच्या आजीच्या वरचा चौकोन, त्यात नाव. मोठ्यानं वाचलं. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला ते खरंच वाटलं. सगळ्या चौकोनांची अक्षरं सारखीच होती, आईच्या नावाची आणि तिच्याही. बाबांनी तीनदा ते नाव घेऊन पिंड ठेवला. मग गच्चीवर जाऊन भाताचा गोळा ठेवला तर कावळा असा झपकन उतरला की हात मागे घ्यायलाही उसंत दिली नाही. बाबा जिना उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. जेवताना त्यांनी गुळाचं अधिरसम दोनदा मागून घेतलं.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी सहज त्या चौकोनावर क्लिक केलं. कार्ड उघडलं. अकरा पानं. कोकिळाबाई, वय एकशे चार, सातव्या कालव्याची राखणदार, सगळ्यात मोठी भीती: गप्प बसावं लागणं. जादू: कुणाच्याही आवाजात बोलते. डोळे: एक काळा, एक पाण्याच्या रंगाचा. हे मी काय करून बसले. बाबांनी आपल्या आईच्या शेजारी, आजीच्या शेजारी, माझ्या कादंबरीतली बाई जेवायला बसवली, आणि ती जेवूनही गेली. मग कावळा कुणासाठी आला. खरी कोण, ती कुठे राहिली. आणि नाव खोटं असेल तर बाकीच्या दोघींना पोचलं की नाही. मी धार्मिक वगैरे नाही, तेव्हाही नव्हते. पण बाबांना ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, हे ओझं कुठे ठेवायचं तेच कळेना. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्टीला फोल्डर होता, याला नव्हता.

सांगायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा भाजीवाल्या पाट्टीच्या आवाजात, दुसऱ्यांदा वाध्यारांच्या. बाबा हसले, त्यांना वाटलं नवीन नक्कल आहे, त्यांनी आईलाही हाक मारली बघायला. तिसऱ्यांदा साध्या आवाजात सुरू केलं तर ते मलाच विचारायला लागले की कावळा किती पटकन आला ते तू पाहिलंस ना. ऑफिसात सांगून आले होते सगळ्यांना. अण्णाशिवायही मला जमलं, हे ते मोठ्यानं म्हणत नव्हते, पण चालण्यात दिसत होतं. मी खरं सांगितलं की ते चालणं जाणार. नाही सांगितलं तर दरवर्षी कोकिळाबाईंना जेवण. चौथ्या दिवशी मी काही न बोलता लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, कार्ड उघडून.

बाबांनी चष्मा लावला आणि अकराही पानं वाचली. कॉफीवर साय धरली. मधे एकदा ते हसलेही, बहुतेक कोकिळाबाई बेडकांना कलेक्टरच्या आवाजात दरडावते तिथे. मग चष्मा काढून धोतरानं पुसत बसले.

“म्हणजे आमची पणजी उपाशी राहिली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, तू नाव वाचलंस, घेतलं मी. चाळीस वर्षं मागे बसून मी एक नाव धरून ठेवलं नाही, त्याला तुझं कंप्युटर काय करेल. मग म्हणाले की अण्णाला विचारायला हवं. पण फोन उचलला नाही त्यांनी. हात गुडघ्यावरच राहिला. बोलणं माझ्यामुळे तुटलं होतं, तेव्हा मीच नंबर लावला.

काकूनं उचलला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी कोण म्हणून विचारलं. मी, म्हटलं.

“कुणाच्या आवाजात बोलतेस?”

“माझ्याच, काका.”

“तुझा असा आहे होय,” ते म्हणाले. टोमणा होता की खरंच कुतूहल होतं, मला आजही ठरवता येत नाही. मी सगळं सांगितलं, सॉफ्टवेअर, लाल चांदणी, कावळा, काही गाळलं नाही. लग्नातल्या नकलेबद्दलही माफी मागितली, ती मधेच, चुकीच्या जागी, कारण जागा कुठली बरोबर ते सुचेना. काका ऐकत राहिले. मग म्हणाले की नाव तुला नाही सांगणार, बापाला दे.

बाबांनी फोन कानाला लावला. “अण्णा,” एवढंच म्हणाले. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बाबांचे ओठ हलायला लागले. भागीरथी. भागीरथी. भागीरथी. शाळेतल्या पोरासारखं पाठ करत होते. मला वाटलं आता ठेवतील, पण पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि बाबा म्हणाले, वडे जरा कडकच झाले, आपल्या आईच्या हातचे कुठले. आतून आईनं भांडं आपटलं. त्यानंतर पाऊण तास ते दोघं खिरीत वेलदोडा घालावा की नाही यावर बोलत होते. वर्षभराचं साठलेलं सगळं खिरीतून निघालं.

त्या तरुण वाध्यारांना बाबांनी जाऊन विचारलं, आता काय करू. ते म्हणाले, नाव ठाऊक नसेल तर शास्त्रात सोय आहे की, तेव्हाच सांगायचं होतं. बाबा म्हणाले, तुम्ही घड्याळ बघत होतात. पुढच्या अमावास्येला बाबांनी भागीरथीबाईंना तिळाचं पाणी सोडलं आणि मनानं मोकळे झाले.

मी नाही झाले. फोन झाला त्याच रात्री जेवणाआधी मी कोकिळाबाईंना वृक्षातून काढून तिथे नवं कार्ड लावलं. भागीरथी टाकलं, लाल चांदणी आली नाही, सॉफ्टवेअर खूष. कार्ड उघडलं तर खाली सगळे रकाने पांढरे. डोळे कसे, ठाऊक नाही. भीती कसली, ठाऊक नाही. काय लपवलं, हे तर नाहीच. काकांना विचारलं, त्यांनाही फक्त नावच ठाऊक. खऱ्या बाईचं एक नाव, आणि जी कधी नव्हतीच तिची अकरा पानं, ती कशी चालते, भाताबरोबर काय खाते, कुणावर रागावते. मला जास्त ओळखीची कुठली, तर दुसरी. पहिलीच्या रक्ताची मी आहे म्हणे. कितीतरी दिवस मी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी उघडून बसायचे आणि कुठलंच बंद करवायचं नाही. कोकिळाबाईंना कुठल्या फोल्डरात ठेवायचं तेही ठरेना. पात्रं म्हणावं तर ती आमच्याकडे जेवली होती. घरची म्हणावं तर कशी.

दुसऱ्या वर्षी श्राद्ध पुन्हा पापनाशमला. काका पुढे, बाबा मागे दर्भ घेऊन, आणि आम्ही बायका मागल्या दारी. या वेळी मी तळणीपाशी नव्हते, दारात उभी होते. तिन्ही नावं काकांनी मुद्दाम मोठ्यानं घेतली, बाबांना ऐकू जावीत म्हणून. सगळं झाल्यावर शेवटी थोडा भात बाजूला विखरून टाकतात, ज्यांचं करायला कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी. तिथे नाव घेत नाहीत. काकांनी भात विखरला, आणि मागून बाबा हळूच म्हणाले, कोकिळाबाई.

जुने वाध्यार थांबले. काका मान वळवून बाबांकडे बघत राहिले. ही कोण, त्यांनी विचारलं.

“पोरीकडची,” बाबा म्हणाले.

मला वाटलं आता झालं, पुन्हा एक वर्ष गेलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. ते हेडमास्तर, अर्धवट भरलेला फॉर्म त्यांना चालत नाही. त्यांनी विचारलं, गोत्र काय तिचं. मी आठवायला लागले. डोळे, भीती, जादू, आवडता वास, मरायची पद्धत, सगळं भरलं होतं मी. गोत्राचा रकाना त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. ठाऊक नाही, मी म्हटलं. ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं असतं, वाध्यारांनी सुचवलं.

“काश्यप कशाला,” काका भाताचे शेवटचे चार दाणे उचलत म्हणाले. “आपलंच लाव.”